ग्वाल्हेरची चाकरी आणि गावचे खाते

पेडणे तालुक्यातले केरी हे गाव तेरेखोलच्या मुखाशी, समुद्राला लागून आहे. या गावचे नाव आडनावात बांधून जिवाजी बल्लाळ केरकर उत्तरेकडे गेले आणि इतिहासात जिवबादादा बक्षी म्हणून राहिले. महादजी शिंद्यांच्या फौजेचे ते बक्षी. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध शिंद्यांची फौज त्यांच्याच हाताखाली लढली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पराक्रमाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आपल्या गावचा माणूस म्हटला की आपण गोमंतकीय थोडे जास्तच लिहितो. आज मला पडलेला प्रश्न मात्र अगदी घरगुती आहे. माळव्यात आणि ग्वाल्हेरीत मिळवलेला पैसा दक्षिणेत गावी कसा येत असे? आणि माणूस पन्नास पन्नास वर्षे बाहेर राहिला तर गावात त्याच्या नावावर काय शिल्लक राहत असे?

आज या प्रश्नाला आपल्याकडे एकच सोपे उत्तर आहे : बँकेतले खाते. आखातात असलेला मुलगा, बोटीवरचा तारवटी, स्विंडनला जाऊन स्थायिक झालेले कुटुंब, सगळ्यांचे म्हापशात, मडगावात किंवा गावच्या शाखेत एक खाते असतेच. तिकडे पगाराचे खाते असते, निवृत्तिवेतनाचे असते, तरीही इकडचे बंद करायला कोणी तयार नसतो. हिशेबाने पाहिले तर कित्येकदा त्याचा उपयोगही नसतो. तरी ते असते. ही वृत्ती बँकांपेक्षा फार जुनी आहे आणि ती नीट पाहायची असेल तर ग्वाल्हेरला जावे लागते.

ग्वाल्हेरचा लष्कर भाग म्हणजे खरोखरच एका लष्कराचा तळ. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी घातली, ती कधी उठलीच नाही आणि तिचे शहर झाले. आजही तिथे फालका बाजार आहे, महाडिकांची गोठ आहे, शितोळे साहेबांचा वाडा आहे, बाळाबाईचा बाजार आहे. हे सगळे दख्खनेतून गेलेले लोक. नावे मराठी, नावांना जोडलेला ‘की’ किंवा ‘का’ हा प्रत्यय हिंदी. पण शहर वसले तरी बराच काळ त्याचे नाव छावणीचेच राहिले, हे मला फार बोलके वाटते. छावणीत माणूस राहतो तो परत जाण्याच्या हिशेबाने.

आता परत जायचे कुठे? इथे वतन हा शब्द येतो. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी. मराठीत त्याचा अर्थ झाला गावातला वंशपरंपरागत हक्क. एकाच शब्दात मायभूमी आणि मिळकत दोन्ही. शिंदे हे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे पाटील. महादजी १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावाने वकील-इ-मुतलक ही सर्वोच्च नेमणूक मिळवतात आणि तरी स्वतःला पाटील म्हणवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सर जॉन माल्कमपासून अनेकांनी यात कावेबाजपणा पाहिला : नम्रतेचे सोंग घेऊन माणूस साम्राज्याचा धनी झाला, वगैरे. सोंगाचा भाग असेलही. महादजी काही भोळे नव्हते. पण मला यात व्यवहारही दिसतो. दिल्लीची नेमणूक बादशहाच्या मर्जीवर, फौजेचा सरंजाम पेशव्यांच्या मर्जीवर. पाटिलकी मात्र कोणाची मेहेरबानी नव्हे. ती काढून घ्यायची तर गोतसभेसमोर वाद घालावा लागे. साम्राज्य हे चालू खाते होते, कण्हेरखेड ही कायम ठेव.

हे नुसते महादजींचे वैयक्तिक वेड नव्हते, याचा पुरावा त्यांच्या मागून झालेल्या एका तहात आहे. १८०३ च्या युद्धात दौलतराव शिंद्यांचा पुरता पराभव झाला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावचा तह झाला. गंगा-यमुनेचा दुआब गेला, अहमदनगरचा किल्ला गेला, भडोच गेले. राज्याचा एवढा मोठा भाग सोडताना शिंद्यांच्या वकिलांनी एक कलम मात्र घालून घेतले : दख्खनेतल्या घराण्याच्या जुन्या जमिनी आणि गावे शिंद्यांकडेच राहावीत. चांभारगोंदे म्हणजे आजचे श्रीगोंदे, जामगाव आणि मग कुठल्या परगण्यात पाच गावे, कुठल्यात सहा, वाईकडे दोन. प्रांत गेले त्याचे वर्णन दोन ओळींत आणि गावे राहिली ती मात्र मोजून मोजून. कंपनीने अट घातली की वसुलीच्या किंवा कसल्याही निमित्ताने शिंद्यांनी तिथे फौज आणायची नाही. म्हणजे खाते तुमचे, व्याज तुमचे, पण धनी म्हणून शाखेत येताना हात जोडून यायचे. दौलतरावांनी ते मान्य केले. जामगावचा आणि श्रीगोंद्याचा वाडा अजून उभा आहे.

पुढे १८६० च्या तहाने शिंद्यांनी पंचमहाल आणि नर्मदेच्या दक्षिणेकडचे मुलूख देऊन त्यांच्या बदल्यात उत्तरेत जमीन घेतली. सत्तावन्न वर्षे लागली, पण राजा शेवटी हिशेबाला वश झाला. दूरची फुटकळ गावे सांभाळण्यापेक्षा जवळचा सलग मुलूख बरा. आपल्याकडचा लंडनस्थित भाऊ आंब्याचे भाट विकून तिकडे घराचा हप्ता भरतो, त्यातलाच हा प्रकार.

राजांचे झाले. साध्या माणसाचे काय? इथे दख्खनेतली मिरासीची पद्धत पाहण्यासारखी आहे. गावात दोन प्रकारचे शेतकरी असत : मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे पिढीजात मालक, ज्याला थळकरीही म्हणत. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. मिरासदार दुष्काळात किंवा चाकरीसाठी परागंदा झाला तर गाव त्याची जमीन उपऱ्याला कसायला देई, परंतु मिरास मोडत नसे. तो परतला, त्याचा मुलगा परतला, तरी मागचा सरकारी बोजा उलगडून आपले शेत मागू शके. किती वर्षांपर्यंत, याची मुदत गावोगाव वेगळी सांगितली जाई. पण ती वर्षांत नव्हे, पिढ्यांत मोजण्याइतकी लांब होती. आणि एखादे घराणे पुरतेच नाहीसे झाले तर त्या जमिनीला ‘गतकुळ’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकाऱ्यांनी गावचे थळझाडे पाहिले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. शेते अशा घराण्यांच्या नावावर लावलेली होती, ज्यांचा एकही माणूस गावात उरला नव्हता. कुळ गेले, खाते राहिले.

गंमत अशी, की हाच मिरासदार ग्वाल्हेरीत, उज्जैनीत उपरी होता. वाडा बांधला, बाजाराला नाव दिले, तरी कागदोपत्री तो तिथे चाकरीला आलेला. माणूस एका वेळी दोन गावांत राहू शकतो, पण मिरासदार एकाच गावात असतो. आम्हां गोवेकरांना हे समजावून सांगायला नको. आपल्या गांवकरीत गांवकाराचा मुलगा मुंबईला जन्मला काय आणि नैरोबीला, त्याचा झोण त्याच्या नावाच्या नोंदीवर अवलंबून. देवस्थानांचे तेच. १८८६ च्या पोर्तुगीज कायद्याने महाजनांच्या याद्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात, केरळात, मुंबईत राहिलेली कुटुंबे त्या यादीतल्या एका ओळीवर आपले गोमंतकीयत्व सांगत आली. रक्कम विचाराल तर झोणाच्या पैशांत कधी कधी येण्याजाण्याचे भाडेही सुटत नसे.

शिंदेशाहीतले सर्वात ठळक उदाहरण मला शितोळ्यांचे वाटते. पुणे प्रांताची देशमुखी या घराण्यात. महादजींची कन्या बाळाबाई लाडोजी शितोळ्यांना दिली आणि शितोळे ग्वाल्हेर दरबारचे बडे सरदार झाले. बाळाबाईचा बाजार तो याच बाईंचा. जावई, सरदार, वाडा, हत्ती-घोडे, सगळे उत्तरेत. आणि बिरुद देशमुख, म्हणजे हक्काचे गाठोडे पुण्यात. पुण्यातली देशमुखी म्हणजे गावोगावच्या वसुलीतला ठरीव वाटा आणि मानपान. तो गोळा करायला तिथे माणूस हवा, मुतालिक हवा, दप्तर हवे. दूर राहणाऱ्या वतनदाराचे सारे सुखदुःख या मुतालिकाच्या हाती. मराठी कागदपत्रांत भाऊबंदांचे जे असंख्य तंटे सापडतात, त्यांत कितीतरी वेळा मूळ हेच असते : एक भाऊ चाकरीवर, दुसरा गावी, आणि वीस वर्षांनी चाकरीवरचा परत येतो तेव्हा गावच्या भावाने हक्क आपल्या एकट्याच्या नावाने चालवलेले असतात. संयुक्त खात्याचे धोके काही रिझर्व्ह बँकेने शोधून काढलेले नाहीत.

आता पैसा गावी कसा येई ते पाहू. उत्तर आहे हुंडी. उज्जैन, ग्वाल्हेर, बऱ्हाणपूर, पुणे अशा पेठांत सावकारांच्या दुकानांचे जाळे होते. ग्वाल्हेरीत रक्कम भरायची, सावकार पुण्याच्या आपल्या आडतीवर हुंडी लिहून देई आणि तिथे ती पटे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे कोणा ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत, पत असलेल्या शहामार्फतच मिळत. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती अनेक प्रकारे लिहीत : आकड्यांत, अक्षरांत, आणि वर तिच्या निम्म्याची दुप्पट म्हणून. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत पेठ, तीही हरवली तर परपेठ. यासाठी सावकार हुंडणावळ घेई आणि वर नाण्यांचा बट्टा असे, कारण ग्वाल्हेरचा रुपया निराळा, उज्जैनचा निराळा आणि पुण्यातला अंकुशी निराळा. घरी पोचणारी रक्कम पाठवलेल्या रकमेपेक्षा नेहमीच थोडी कमी. दिराम पाठवून रुपये मिळवणाऱ्या घरांना हे दुःख पाठ आहे.

मात्र हुंडी पेठेपासून पेठेपर्यंत चाले. पेठेपासून पुढे खेड्यापर्यंत रोकडच न्यावी लागे, म्हणजे पुन्हा विश्वासाचा माणूस. आणि ज्याला सावकारावर भरवसा नाही किंवा जो कायमचाच घरी निघाला आहे, तो सारी कमाई बरोबर घेऊन निघे. अशा प्रवासाची एक गोष्ट वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. आरफळचे हैबतराव ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले आणि गुहेत कोंडले. तिथे त्यांनी हरिपाठाचा ध्यास घेतला. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला, तो शुभशकुन मानून त्याने त्यांना सोडले, असे परंपरा सांगते. हैबतराव आरफळला न जाता आळंदीला गेले आणि माउलींच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेण्याचा आजचा सोहळा त्यांनी सुरू केला. इतिहासकार चमत्कार बाजूला ठेवील. मला त्यातला रस्ता खरा वाटतो. ग्वाल्हेर ते कृष्णाकाठ हा रस्ता पैसा बरोबर घेऊन चालण्याचा नव्हता.

तरीही गावचे खाते जिवंत ठेवण्याची एवढी धडपड का? चाकरी किती बेभरवशाची होती ते पाहिले की कळते. कोकणातून आणि गोव्याच्या सीमेवरून शिंद्यांकडे शेणवी मंडळी मोठ्या संख्येने गेली होती. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांचे लग्न १७६३ मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी झाले होते, त्यामुळे ही वाट रुळलेलीच होती. जिवबादादा, लखबादादा लाड, बाळोबा तात्या पागनीस ही महादजींच्या दरबारची वजनदार नावे. १७९४ मध्ये महादजी वारले आणि चारच वर्षांत दौलतराव व महादजींच्या विधवा यांच्यात युद्ध पेटले. शेणवी सरदारांनी बायांची बाजू घेतली. लखबादादा रणात उतरले. बाळोबा तात्या १८०० साली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत वारले. पिढीभर मिळवलेला सरंजाम दोन वर्षांत पाण्यात गेला. अशा वेळी माणसाला एकच दार उघडे असते. ते गावी असते, आणि ते उघडे राहावे म्हणून आधीची कित्येक वर्षे कोणीतरी तिथे दिवा लावलेला असावा लागतो.

जिवबादादांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली. ते उत्तरेत असतानाच त्यांचे गाव परदेश झाले. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे १७८८ मध्ये गेला. माणूस हलला नाही, सीमाच हलली. आपल्या लोकांना हा अनुभव पुढे वेगळ्या रीतीने आला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तोवर बांको नासियोनाल उल्त्रामारिनोकडे गहाण पडलेले गोवेकरांचे दागिने लिस्बनला पोचले होते. ते सोने परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत गहाण ठेवणाऱ्या कित्येक बाया जग सोडून गेल्या होत्या आणि ज्यांच्या लग्नासाठी ते सोने राखले होते त्या मुलींची मुले लग्नाला आली होती. या बायांनी तर गावही सोडले नव्हते. बँकच परदेशी निघून गेली.

खाते असून चालत नाही, ते कुठे आहे हे मागच्याला माहीत असावे लागते. याबाबतीतही ग्वाल्हेरचीच एक गोष्ट आहे. शिंद्यांचा गुप्त खजिना गंगाजळी म्हणून प्रसिद्ध होता. किल्ल्यातल्या तळघरांत तो पुरलेला आणि त्याची खूण, म्हणजे बीजक, एका राजाने दुसऱ्याला सांगायची अशी रीत. जयाजीराव १८८६ साली वारले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचे राहून गेले आणि खजिना शोधावा लागला, अशी हकीकत सांगतात. बीजकाची कथा कोणाला खरी वाटो न वाटो, दरबाराकडे पैसा अमाप होता यात शंका नाही : १८८७ मध्ये ग्वाल्हेरने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्जाऊ दिले. राजाचे मूल पोरके झाले तरी त्याच्या ठेवीसाठी किल्ला उकरायला माणसे असतात. तारवटी बोटीवर गेला आणि घरात कोणाला पासबुकाचा पत्ता नाही, तर कोण उकरणार?

आजचा नियम मिरासीच्या मानाने फारच उतावळा आहे. परदेशी राहायला गेलेल्या माणसाने आपले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते; ते पुष्कळजण करीत नाहीत, भाऊ किंवा बाप जुनेच खाते चालवत राहतो. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही. खातेदार वा वारस नंतरही मागू शकतो, म्हणजे मिरासीचे तत्त्व अगदीच मेलेले नाही. २०२३ पासून ‘उद्गम’ नावाच्या संकेतस्थळावर अशा ठेवी शोधताही येतात. आमच्या काळचा थळझाडा म्हणायचा तो हाच.

वतने मात्र गेली. मुंबई राज्यातली परगणा आणि कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, पाटिलकी १९६२ च्या कायद्याने. संपली ते योग्यच झाले. वतनाच्या गोडव्यात त्याच्या खालचा महार वतनदार, बिगारी, उपरी कुळे यांचा घाम विसरला जातो, आणि गतकुळ शेताचे दुःख सांगताना ते शेत पन्नास वर्षे कसणाऱ्या उपऱ्याचे दुःख कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्या भाटकार-मुंडकारांच्या वादातही परगावच्या मालकाच्या डोळ्यांतले पाणी तेवढे आपल्याला दिसते.

या साऱ्यातले एक खाते मात्र दरवर्षी चालू आहे. हैबतबाबांनी सोहळा सुरू केला तेव्हा त्यांना घोडे, तंबू, नैवेद्य यांची मदत बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी केली. लष्करातल्या छावणीतून परतलेल्या माणसाने छावणीच्याच शिस्तीत वारी बसवली आणि तिला लागणारे सामान एका सरदार घराण्याने पुरवले. ज्येष्ठात अंकलीहून घोडे अजून पायी निघतात, महाराष्ट्र-कर्नाटक सीमा ओलांडतात आणि प्रस्थानाच्या आधी आळंदीला हजर होतात. त्यातल्या एका घोड्यावर स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा.